ट्यूब लावली, पण फोकसच होईना!

मागच्या अंकात अळंबीच्या फोटोंबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं: ‘वाइड अँगल लेन्स असेल तर तिला पातळशी एक्स्टेन्शन ट्यूब लावून बघा.’ (ही ट्यूब म्हणजे जवळचं टिपता यावं म्हणून लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायची नळी.) त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. बऱ्याच जणांनी ट्यूब लावली, त्यातल्या बऱ्याच जणांना काहीच दिसलं नाही. एकानं तर सरळ विचारलं, ‘ताई, तुम्ही स्वतः करून बघितलंय ना?’ बघितलंय हो. नेहमी तेच करते. पण ‘पातळशी’ वाचायचं राहून गेलेलं दिसतंय. म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला.

प्रश्न: माझ्याकडे २४ मिमीची लेन्स आहे आणि १२, २० व ३६ मिमी अशा तीन ट्यूबचा संच आहे. ५० मिमी लेन्सवर ३६ची ट्यूब मस्त चालते. तीच २४वर लावली तर कशावरच फोकस होत नाही. फूल काचेला टेकेपर्यंत पुढे गेलो तरी सगळं धूसर. ट्यूब खराब निघाली का?

ट्यूबमध्ये खराब व्हायला आहेच काय? आत काच नाही, ती नुसती पोकळ नळी. तिचं काम एकच: लेन्सला सेन्सरपासून लांब ढकलायचं. लेन्स जितकी लांब ढकलाल तितकी ती जवळचं बघू लागते. गडबड ट्यूबमध्ये नाही, गणितात आहे, आणि ते अगदी सोपं आहे.

ट्यूबच्या जाडीला लेन्सच्या फोकल लेन्थनं (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा) भागा. जे उत्तर येईल तितक्या पट आकारात वस्तू सेन्सरवर उमटते. ३६ भागिले ५० म्हणजे ०.७२. एक सेंटिमीटरचा किडा सेन्सरवर सात मिलिमीटरचा. आता ३६ भागिले २४ करा. दीड! म्हणजे तुम्ही २४ मिमीच्या वाइड लेन्सकडून मॅक्रो लेन्सपेक्षाही (अगदी जवळचं टिपण्यासाठीच बनवलेली लेन्स) जास्त मागताय.

मागायला हरकत नव्हती, पण त्यासाठी वस्तू किती जवळ आणावी लागेल ते बघा. फोकल लेन्थ गुणिले (१ अधिक १ भागिले पट), एवढंच सूत्र. पन्नासच्या लेन्सला उत्तर येतं साधारण १२ सेंटिमीटर. चोवीसला येतं ४ सेंटिमीटर. तुम्ही म्हणाल, चार सेंटिमीटर काय कमी आहेत? पुष्कळ आहेत, पण ते पुढच्या काचेपासून मोजायचे नसतात. ते मोजायचे लेन्सच्या आतल्या एका काल्पनिक पातळीपासून, आणि वाइड लेन्समध्ये ती पातळी बरीच मागे असते.

ती मागे का असते, तेही सांगते, कारण एकदा हे कळलं की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत. आरसा असलेल्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स जिथे बसते ती कडी आणि फिल्म किंवा सेन्सर यांच्यात बरंच अंतर ठेवावं लागतं, नाहीतर आरसा वर-खाली होणार कुठे? कॅननच्या ईएफ माउंटला हे अंतर ४४ मिमी आहे, निकॉनच्या एफ माउंटला ४६.५. आता २४ मिमीची लेन्स अगदी साधी बनवली तर ती सेन्सरपासून २४ मिमीवर हवी, म्हणजे बरोब्बर आरशाच्या वाटेत. त्यावर तोडगा म्हणून पुढच्या बाजूला प्रकाश फाकवणाऱ्या काचा बसवतात. त्यामुळे लेन्स प्रत्यक्षात पुढे राहते, पण प्रकाशाच्या हिशेबात मागे असल्यासारखी वागते. तुमचे चार सेंटिमीटर त्या मागच्या जागेपासून सुरू होतात आणि पुढच्या काचेपर्यंत येण्याआधीच संपतात. थोडक्यात, तुमचा फोकस होतोय, पण लेन्सच्या पोटात. तिथे फूल नेणार कसं?

मिररलेसवाल्यांनी लगेच खूश होऊ नये. सोनी ई माउंटला हे अंतर १८ मिमी, निकॉन झेडला १६ आणि कॅनन आरएफला २०, म्हणजे आरशाची अडचण गेली हे खरं. तरीही तुमच्या बऱ्याच वाइड लेन्स थोड्याफार याच पद्धतीनं बांधलेल्या असतात.

मग करायचं काय? ३६ आणि २० मिमीच्या ट्यूब पिशवीत ठेवा. १२ची लावा. चोवीसवर ती अर्धी पट देते आणि त्या काल्पनिक पातळीपासून ७ सेंटिमीटरभर मिळतात. त्यातले काचेपुढे किती उरतील हे लेन्सवर अवलंबून. काहींत दोन-तीन सेंटिमीटर उरतात, काहींत काहीच नाही. जवळ ३५ मिमीची लेन्स असेल तर सुरुवात तिच्यापासूनच करा. तिच्यावर १२ मिमीची ट्यूब साधारण एक तृतीयांश पट देते आणि अंतर पावणेचौदा सेंटिमीटरच्या आसपास येतं. एवढ्यात माणूस निवांत काम करू शकतो.

पहिली चाचणी घरातच करा. लेन्सहुड काढा, फिल्टर काढा, ऑटोफोकस बंद करा आणि फोकसची रिंग अनंतावर ठेवा. छापील कागद उजेडात पसरा आणि कॅमेरा हळूहळू खाली न्या. अक्षरं कुठेतरी क्षणभर स्पष्ट होऊन पुन्हा पुसट होतील. ती जागा लक्षात ठेवा. मग रिंग दुसऱ्या टोकाला नेऊन पुन्हा तेच करा. या दोन जागांमधला पट्टा म्हणजे तुमचं सगळं राज्य. तो एवढासाच निघेल. म्हणूनच बाहेर गेल्यावर रिंग फिरवत फोकस शोधत बसू नका. कॅमेराच पुढे-मागे करा. झूम लेन्स असेल तर आणखी एक: ट्यूब लावल्यावर झूम जरा हललं तरी फोकस पार पळून जातो. झूम एका जागी ठेवा आणि चिकटपट्टी लावून टाका.

प्रश्न: मी कित्येक वर्षं १०० मिमीची मॅक्रो लेन्स वापरतोय. ती एकास एक (वस्तू सेन्सरवर आहे तेवढीच) देते, पार्श्वभूमी लोण्यासारखी मऊ करते आणि किड्यापासून मी लांबही राहतो. मग वाइड लेन्स किड्याच्या नाकाला लावण्याचा खटाटोप कशासाठी? स्पष्टच विचारतो, रागावू नका.

रागावते कशाला, प्रश्न नेमका आहे. किडा मोठा करून दाखवायचा असेल तर तुमचीच लेन्स योग्य. तिथे वाइड आणि ट्यूब तिच्या जवळपासही येणार नाहीत, आणि येतात असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. वाइड लागते ती तो जीव राहतो कुठे हे दाखवायला. तुमची ती लोण्यासारखी पार्श्वभूमी सुंदर असते, पण तिच्यापुढे बसलेला बेडूक तळ्याकाठचा की कुंडीतला, हे फोटो बघून सांगता येत नाही.

एक उदाहरण आकड्यांसकट घेऊ. सहा सेंटिमीटर उंचीची अळंबी, कुजक्या ओंडक्यावर उगवलेली, मागे झाडं आणि झाडांच्या वर आभाळ. फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यात पावपट घेतली, म्हणजे ०.२५, तर अळंबी चौकटीच्या दोन तृतीयांश उंचीत बसते. छान भरते. ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक) एफ ११.

शंभरच्या लेन्सनं हा फोटो काढला तर चौकटीत आडवं साधारण १६ अंशांचं दृश्य येतं. अळंबीमागचा झाडीचा एखादा तुकडा, बस. चोवीसच्या लेन्सनं, अळंबी तेवढीच मोठी ठेवून, ६० अंशांहून जास्त येतं. अख्खा ओंडका, डावी-उजवीकडची झाडं, वरची फांद्यांची जाळी, सगळं.

आता धूसरपणा. खूप दूरचा एखादा ठिपका सेन्सरवर केवढी चकती होऊन पसरतो, तेही ढोबळ मोजता येतं: ॲपर्चरच्या भोकाचा व्यास गुणिले पट. शंभरच्या लेन्सला एफ ११वर भोक ९ मिमीचं, पावपटीला चकती सव्वादोन मिमीची. सेन्सर ३६ मिमी रुंद, म्हणजे रुंदीच्या सोळाव्या हिश्शाएवढा डाग. त्यात झाडाचं झाडपण उरत नाही. चोवीसला भोक २.२ मिमीचं, चकती अर्ध्या मिमीहून किंचित मोठी, म्हणजे रुंदीचा साठावा-पासष्टावा हिस्सा. झाड मऊ होतं, पण झाडच राहतं. आभाळ कुठे संपतं आणि फांदी कुठे सुरू होते, ते कळतं.

यात एक गैरसमज मात्र फार पसरलाय. वाइड लेन्सला जवळून डेप्थ ऑफ फील्ड (स्पष्ट दिसणारी खोली) जास्त मिळतं, असं लोक म्हणतात. नाही मिळत. पट तीच आणि ॲपर्चर तेच असेल तर अळंबीवरचा स्पष्ट भाग दोन्ही लेन्सना जवळजवळ सारखाच असतो. फरक पडतो तो मागच्या धूसरपणात. त्यामुळे फोकस कशावर ठेवायचा याची काळजी वाइडलाही तेवढीच घ्या.

तिसरी गोष्ट आकारांची. तीन सेंटिमीटरचा भुंगेरा समोरून घ्या. वाइडमधून त्याचं डोकं सहा सेंटिमीटरवर आणि शेपटाकडचं टोक नऊवर असलं, तर डोकं शेपटाच्या दीडपट ठसठशीत दिसतं. शंभरच्या लेन्सला तेच अंतर तीस आणि तेहतीस. फरक दहा टक्क्यांचा. वाइडमधला भुंगेरा त्यामुळे अंगावर येतो. कधी हे छान दिसतं, कधी अगदी विचित्र. कोळ्याचे पुढचे पाय असे ताणले गेले की मला आवडतं. फुलपाखराचं मात्र नाही. त्याचे पंख वाकडे दिसले की बघवत नाही. हा ज्याच्या-त्याच्या आवडीचा भाग.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच: वाइडला पावपट पुरे, फार तर एक तृतीयांश. त्यापुढे गेलात की परिसर चौकटीबाहेर जातो, काच वस्तूवर आदळते, आणि मग तुमची मॅक्रो लेन्सच बरी होती असं वाटू लागतं.

प्रश्न: ताई, मी नववीत आहे. माझ्याकडे कॅमेरा नाही, बाबांचा मोबाइल आहे. त्यात मॅक्रो आहे आणि तो मुंगीच्या खूप जवळ जातो. मोठेपणी कॅमेरा घेईन तेव्हा मला ट्यूब घ्यावी लागेल का?

बऱ्याच मोबाइलमध्ये मॅक्रोचं काम करते ती अल्ट्रावाइड लेन्सच. २०२१ साली आलेल्या आयफोन १३ प्रोनं हेच केलं. त्याची अल्ट्रावाइड दोन सेंटिमीटरपर्यंत फोकस करते. म्हणजे आम्ही मोठी माणसं नळ्या जोडून जे करायला धडपडतोय, ते तू आधीच करतेयस. वर तुझा सेन्सर नखाएवढा असल्यामुळे मुंगीच्या मागचं आवारही बऱ्यापैकी स्पष्ट येतं. ट्यूबचा विचार नंतर कर. आत्ता एक कर: मोबाइल उलटा धर, म्हणजे लेन्स जमिनीजवळ येईल, आणि मुंगीच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढ. वरून काढलेल्या मुंगीचा फोटो कुणीही काढतं.

प्रश्न: फोकस जमला, पण प्रत्येक फोटोत लेन्सचीच सावली पडते. फ्लॅश लावला तर खालचा अर्धा भाग काळा येतो. उजेड आणायचा कुठून?

या कामातलं खरं अवघड ते हेच. फोकसचं गणित एकदा सुटतं, उजेडाचं दर वेळी नव्यानं सोडवावं लागतं.

वस्तू काचेपासून तीन-चार सेंटिमीटरवर आणि लेन्सचं तोंड सात सेंटिमीटर रुंद, म्हणजे त्या बिचाऱ्या किड्याच्या दृष्टीनं अर्धं आभाळ तुम्हीच झाकलेलं असतं. उजेड आता बाजूच्या फटीतूनच येणार. म्हणून सूर्य पाठीशी ठेवायची सवय इथे मोडा. सूर्य बाजूला किंवा समोर तिरपा असू दे. अळंबी, पाकळी, कोवळं पान असल्या अर्धपारदर्शक गोष्टी मागून उजळल्या की आतून पेटल्यासारख्या दिसतात. पुढून थोडा उजेड हवा म्हणून पांढऱ्या जाड कागदाचा पंजाएवढा तुकडा लेन्सच्या खाली, चौकटीच्या जेमतेम बाहेर धरा. मी कागदाला अर्धगोल खाच पाडून तो थेट लेन्सच्या नळीवरच अडकवते. हात मोकळा राहतो आणि परावर्तित उजेड वस्तूवर बरोबर पडतो. चांदी कागद वापरू नका, त्याचे कठोर डाग उठतात.

सूर्य समोर घेतला की काचेत फ्लेअर (उजेडाचे डाग) येणार, आणि हुड तर आपण काढलंय. डाव्या हाताचा तळवा लेन्सच्या वर सावलीसाठी धरा. तो चौकटीत डोकावतोय का, ते स्क्रीनवर बघत राहा. वाइड लेन्स फार रुंद बघते, बोटं हमखास येतात.

फ्लॅशबद्दल. कॅमेऱ्यावर बसलेल्या फ्लॅशचा उजेड लेन्सच्या नळीला अडतो, म्हणून तुमचा खालचा भाग काळा येतो. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवा. केबलनं किंवा ट्रिगरनं जोडून तो लेन्सच्या तोंडाच्या बाजूला आणा आणि त्याच्यासमोर उजेड पसरवणारा मोठा, पांढरा, पातळ डिफ्युजर ठेवा. आणि क्रम महत्त्वाचा. आधी फ्लॅश बंद ठेवून फक्त पार्श्वभूमीचा उजेड ठरवा. मला ती साधारण एक स्टॉप (म्हणजे निम्म्या उजेडाएवढी) गडद आवडते. शटर तुमच्या कॅमेऱ्याच्या सिंक मर्यादेच्या (फ्लॅशशी जुळणाऱ्या वेगाच्या) आत, म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० सेकंदाच्या आत ठेवा. पार्श्वभूमी जमली की मग फ्लॅश अगदी कमी ताकदीवर सुरू करून हळूहळू वाढवा. उलट क्रमानं केलंत तर किडा उजळ आणि मागे काळोख येतो. मग वाइड लावून उपयोग काय झाला?

ट्यूबमुळे थोडा उजेड कमी होतोच. अर्ध्या पटीला साध्या लेन्सचा एक स्टॉपहून किंचित जास्त जातो, वाइडचा त्याहून कमी. कॅमेऱ्याचं मीटर ते आपोआप सांभाळून घेतं. तुम्ही ध्यानात ठेवायचं ते इतकंच की एफ १६ लावलं तर प्रत्यक्षात ते त्याहून बारीक भोकासारखं वागतं आणि डिफ्रॅक्शननं (बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरल्यानं) सगळंच मऊ पडू लागतं. मी सहसा एफ ११वर थांबते.

प्रश्न: मी साधी, विजेचे संपर्कबिंदू नसलेली ट्यूब घेतली. आता ॲपर्चर बदलताच येत नाही, कॅमेऱ्यावर ०० दिसतं. काही जुगाड?

लेन्सला कॅमेऱ्याकडून निरोप ट्यूबमधूनच जातो. त्यात तारा नसतील तर निरोप नाही. कॅननच्या ईएफ लेन्सवर जुनी युक्ती चालते: लेन्स थेट कॅमेऱ्यावर लावा, हवं ते ॲपर्चर ठेवा, डेप्थ ऑफ फील्ड बघायचं बटण दाबून धरा, आणि ते दाबलेलं असतानाच, कॅमेरा बंद न करता, लेन्स सोडवून काढा. पाकळ्या आहेत तशाच राहतात. मग ट्यूब लावा. निकॉनच्या ॲपर्चरची रिंग नसलेल्या जी लेन्समध्ये उलटा त्रास: सुटी केली की ती सगळ्यात बारीक भोकावर बंद होते आणि समोर अंधार. तिच्या मागची छोटी दांडी काहीतरी अडकवून सरकवून ठेवावी लागते.

हे सगळं चालतं, पण करत बसायचा कंटाळा येतो. अंगावर ॲपर्चरची रिंग असलेली जुनी २८ किंवा ३५ मिमीची लेन्स मिळाली तर तुमची साधी ट्यूब सोनं आहे. मिररलेस असेल तर त्याहून छान वाट: जुन्या लेन्ससाठी हेलिकॉइड असलेला ॲडॉप्टर मिळतो. त्याची रिंग फिरवली की तो स्वतःच काही मिलिमीटर लांब होतो. म्हणजे एक मिमीपासून पुढे हवी तेवढी जाडीची ट्यूब. पावपटीसाठी २४ मिमीला सहाच मिमी लागतात, आणि तेवढी पातळ ट्यूब सुटी मिळणं कठीण. हेलिकॉइडवर ती हातात असते.

प्रश्न: मध्यभाग सुरेख स्पष्ट येतो, पण कोपरे पार विरघळतात. ॲपर्चर बारीक केलं तरी थोडंच सुधारतं. लेन्स बदलू का?

नका बदलू. वाइड लेन्स लांबचं बघण्यासाठी घडवलेली असते. तिला फार जवळ आणलं की तिचा फोकसचा सपाट पडदा वाकतो आणि कडा बिघडतात. हे निर्मात्यांना ठाऊक आहेच; म्हणून काही लेन्समध्ये जवळच्या फोकसला काचांच्या गटांमधलं अंतर बदलत जातं. निकॉननं १९६७च्या २४ मिमी एफ २.८ लेन्सपासून ही सोय सुरू केली. ट्यूब या सोयीला बगल देते, कारण लेन्सला तुम्ही कुठे बघताय याचा पत्ताच नसतो. तुमच्या लेन्समध्ये अशी सोय असेल तर रिंग अनंताऐवजी जवळच्या टोकाकडे ठेवून बघा. कोपरे बरेचदा सावरतात. जागा थोडी आणखी कमी होईल, ते सोसा.

आणि एक विचारते, कोपऱ्यात तुम्हाला बघायचं काय आहे? तिथे बहुतेक वेळा गवत आणि आभाळ असतं, ते तसंही धूसरच असणार. भिंतीवरचा सपाट दगडफूल घ्यायचा असेल तर गोष्ट वेगळी. त्याला वाइड वापरूच नका.

प्रश्न: ट्यूबऐवजी पुढून लावायची क्लोज-अप लेन्स चालेल का?

वाइडला नाही. चार डायॉप्टरची (हा भिंगाचा नंबर) क्लोज-अप लेन्स २४ मिमीवर जेमतेम ०.१ पटीची भर घालते, तीच २०० मिमीवर ०.८ची. ट्यूबचं बरोबर उलट: २५ मिमीची ट्यूब दोनशेच्या लेन्सवर फक्त आठवा हिस्सा देते. आखूड लेन्सला ट्यूब, लांब लेन्सला क्लोज-अप.

प्रश्न: ट्यूबचा हा सगळा उपद्व्याप टाळून थेट वाइड मॅक्रो लेन्स घ्यावी म्हणतो. काय बघू?

घेऊ शकत असाल तर जरूर. लाओवाची १५ मिमी एफ ४ ही एकास एकपर्यंत जाते. पण तिथे पोचल्यावर काच आणि वस्तू यांच्यात पाच मिलिमीटरसुद्धा उरत नाहीत, म्हणून जाहिरातीतल्या एकास एकला भुलू नका. ती पावपट-अर्ध्या पटीला वापरायची लेन्स आहे. फोकस आणि ॲपर्चर दोन्ही हातानं. टॅमरॉननं २०१९मध्ये सोनी ई माउंटसाठी २०, २४ आणि ३५ मिमीच्या तीन एफ २.८ लेन्स जाहीर केल्या. तिन्ही ट्यूबशिवाय अर्ध्या पटीपर्यंत जातात, तिन्हींना ऑटोफोकस आहे. मला त्यातली २४ जास्त उपयोगी वाटते. २०ला उजेड आणणं जिकिरीचं होतं. कॅनन आरएफवाल्यांकडे ३५ मिमी एफ १.८ मॅक्रो आहे, तीही अर्धी पट देते. लाओवाचीच लांब नळीसारखी २४ मिमी प्रोब लेन्स दुपटीपर्यंत जाते आणि तोंड बारीक असल्यानं सावलीचा प्रश्न जवळजवळ मिटवते. पण तिचं सगळ्यात मोठं ॲपर्चरच एफ १४. दिवे बरोबर बाळगायची तयारी असेल तरच.

लेन्सच्या माहितीत किमान फोकस अंतर १२ सेंटिमीटर असं वाचलं की लोकांना वाटतं काचेपासून बारा. ते सेन्सरपासून मोजलेलं असतं. त्यातून लेन्सची लांबी आणि माउंटचं अंतर वजा करा, मग उरेल ते तुमचं.

प्रश्न: घराजवळच्या झुडपात पक्ष्यानं घरटं केलंय. वाइड लेन्स आणि ट्यूब लावून कॅमेरा घरट्याच्या काठावर ठेवला आणि लांबून रिमोटनं फोटो काढले तर पक्ष्याला त्रास होणार नाही ना?

होईल. कॅमेरा ठेवायला तुम्ही तिथे जाणार, पानं बाजूला करणार, परत बॅटरी बदलायला जाणार. आई घरट्यावर यायचं थांबवू शकते, आणि तुमच्या येण्याजाण्यानं शिकाऱ्यांना वाट कळते. हा फोटो काढू नका, आणि काढलात तर मला पाठवू नका.

बेडूक, गोगलगाय, चतुर यांच्याबाबत मी इतकी ताठर नाही, पण नियम तोच: जीव आपणहून बसला असेल तरच. लेन्स बोटाबोटानं पुढे न्या. बेडकाचा गळा धपापायचा थांबला, कोळ्यानं पाय आखडले, गोगलगायीनं शिंगं आत घेतली की थांबा आणि मागे या. किड्यांना फ्रिजमध्ये थंड करून शांत बसवायचा सल्ला काही जण देतात. मी देत नाही. पहाटे दव असताना जा, ते आपणहूनच गारठलेले असतात. आणि साप? वाइड लेन्सनं अजिबात नाही. चार सेंटिमीटरवर तुमची बोटं असतात.

प्रश्न: कॅमेरा रुळावर पुढे सरकवत फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या जागी फोकस केलेले फोटो जोडून एक करणं) केलं तर सॉफ्टवेअर कडा जुळवतच नाही.

वाइडला जवळून कॅमेरा एक मिमी हलला तरी पुढच्या-मागच्या गोष्टींची जागा बदलते, म्हणून. रूळ सोडा, फोकसची रिंगच किंचित किंचित फिरवा. तो छोटासा पट्टा इथे कामाला येतो.

प्रश्न: फोटोत सगळीकडे राखाडी गोल डाग येतात. सेन्सर साफ करून घेतला, तरी आहेतच.

डाग सेन्सरवर नसतील. एवढ्या जवळचा फोकस आणि बारीक ॲपर्चर असलं की पुढच्या काचेवरची धूळ, परागकण, दवाचा थेंबसुद्धा चौकटीत उमटतो; एरवी तो कधीच दिसला नसता. पानाला, मातीला काच टेकते तेव्हा हे व्हायचंच. आधी ब्लोअरनं उडवा, मग मऊ फडक्यानं पुसा. मातीचा कण असताना घासलंत तर ओरखडा कायमचा. आणि काच वाचवायला फिल्टर लावायचा मोह झाला, तर तो तीन-चार मिलिमीटर जागा खातो हे मोजून मगच लावा.